सात जण, दोन दिवस, नऊ मिनिटं

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मूल असलेल्या घरांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्ही वर्गातले मिळून शॉर्ट फिल्म करतोय." पूर्वी याच जागी "आम्ही एकांकिका बसवतोय" हे वाक्य असायचं. तेव्हा आई विचारायची, तालीम किती वाजता संपणार? वडील विचारायचे, परीक्षा कधी? प्रश्न अजून तेच आहेत. फरक इतकाच, की एकांकिकेला कॉलेजचा हॉल पुरायचा, फिल्मला मात्र तुमचं घर लागतं. तुमचा सोपा लागतो, स्वयंपाकघर लागतं, आजीचं इरकल लुगडं लागतं आणि जमलंच तर आजीही लागते. फिल्म मुलांची असली तरी तिच्यात सगळं घर ओढलं जातं. म्हणून आजचं सदर थोडं मुलांसाठी आणि बरंचसं घरच्यांसाठी.

याला मोबाईलचं नवं खूळ म्हणून झटकून टाकू नये. आपल्याकडे चित्रपट जन्माला आला तोच मुळी घरातून. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून एक चिमुकला चित्रपट केला होता. त्याचं नाव 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतलं आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. एक कुंडी, एक कॅमेरा आणि भरपूर धीर एवढंच त्याचं भांडवल. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मच्या कामालाही हात लावत होत्या. रोहिदासाच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा भालचंद्र होता. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांसमोर आला. घरच्यांचा हात आणि ऐन वेळची जुळवाजुळव या दोन गोष्टी आजच्या मुलांनाही चुकलेल्या नाहीत.

आपल्या सीमाभागातल्या मुलांनी तर दोन्ही भाषांतली उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवावीत. गिरीश कासारवळ्ळी हे तीर्थहळ्ळी तालुक्यातले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी 'अवशेष' ही पदविकेची फिल्म केली, पाठोपाठ १९७७ साली 'घटश्राद्ध' आला आणि त्याला सुवर्णकमळ मिळालं. उमेश कुलकर्णी यांची 'गिरणी' ही त्याच संस्थेतली विद्यार्थी फिल्म. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजात एका लहान मुलाचं जगणं कसं भरडून निघतं, एवढीच गोष्ट. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' २००९ साली केली, ती अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला शिकत असताना. या दोन्ही फिल्मना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण म्हैसूरच्या चिदानंद नाईक यांचं. ते आधी डॉक्टर झाले, मग पुण्याच्या त्याच संस्थेत एक वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमाला गेले. वर्षअखेरीचं काम म्हणून त्यांनी चार दिवसांत सोळा मिनिटांची कन्नड फिल्म चित्रित केली. एक म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात उजाडायचंच थांबतं, ही कन्नड मुलखातली लोककथा. मराठीत आपण म्हणतो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. या गोष्टीत ते राहतं! २०२४ साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात ही फिल्म पहिली आली.

गोष्ट एका वाक्यात

या सगळ्या फिल्मची गोष्ट एका वाक्यात सांगता येते, हे लक्षात घ्या. मुलांना पहिला अडथळा इथेच येतो. गेल्या हिवाळ्यात शहापुरातल्या आमच्या घरी सात विद्यार्थ्यांचा एक गट आला. "काकू, तुमचा सोपा दोन दिवस देताय काय?" असं विचारत. मी म्हटलं, आधी गोष्ट सांगा. त्यांच्याकडे तेव्हा तीन गोष्टी होत्या. पहिलीत खडेबाजारातून मोटारसायकलींचा पाठलाग होता. दुसरीत एक भूत होतं. तिसरीत नायक मुंबईला जाऊन मोठा होतो आणि परत येतो. तिन्ही गोष्टी त्यांनी कुठेतरी पाहिलेल्या होत्या, जगलेली एकही नव्हती. पाठलागाला वाहतूक अडवावी लागणार, भुताला रात्र लागणार, मुंबईला मुंबईच लागणार. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये हे बसत नाही आणि सात जणांच्या खिशातही बसत नाही.

मग चहा झाला, भडंग झालं, गप्पा सैलावल्या आणि आतापर्यंत गप्प बसलेली एक मुलगी बोलायला लागली. तिची आजी बैलहोंगलकडची. लग्न होऊन शहापुरात आली आणि पन्नास वर्षं या घरात मराठी बोलली. अभंग मराठीत, भांडण मराठीत, नातवंडांना रागावणंही मराठीत. अखेरच्या दोन वर्षांत तिला स्मृतिभ्रंश झाला आणि एकेक करून मराठी शब्द गळाले. शेवटी राहिलं ते फक्त माहेरचं कन्नड. सून निपाणीकडची, तिला ते समजेना. मुलगा दिवसभर दुकानात. घरात आजीशी बोलू शकणारी एकटी नात, आणि तिचं कन्नड म्हणजे शाळेत मार्कांसाठी घोकलेलं.

सोप्यात क्षणभर कुणीच बोललं नाही. मग पाठलागवाला मुलगाच म्हणाला, "हीच करूया की."

डॉक्टर सांगतात, की दोन भाषा बोलणाऱ्या वृद्धांना स्मृतिभ्रंश झाला, तर पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि लहानपणीची अखेरपर्यंत टिकते. सगळ्यांचंच असं होत नाही. पण आपल्याकडे, जिथे लेकी-सुना भाषेची वेस ओलांडून पिढ्यानपिढ्या येत-जात आहेत, तिथे हे पाहिलेली घरं थोडी नसतील. वाचकहो, तुमच्यापैकी काहींना आत्ता आपलीच आजी आठवली असेल.

वडिलांच्या तीन अटी

खरी अडचण यानंतर सुरू झाली. मुलीने घरी सांगितलं आणि वडिलांनी साफ नकार दिला. "आजारी माणसाचं प्रदर्शन मांडायचं नाही," हे त्यांचं म्हणणं. मुलांना ते जुन्या वळणाचं वाटलं. मला तसं वाटलं नाही. जिवंत असताना आपण ज्या बाईचा पदर ढळू दिला नाही, तिची विस्मरणाची वर्षं तिच्या माघारी लोकांसमोर मांडायची का, हा प्रश्न मुलगा म्हणून त्यांना पडणारच. ती नातीची गोष्ट होती, तशी ती मुलाचीही होती. आणि सगळ्यांच्या आधी ती त्या आजीची होती, जिला आता विचारता येत नव्हतं.

आठवडाभराने त्यांनी होकार दिला, पण तीन अटींवर. आजीचं नाव, फोटो आणि घर दिसायचं नाही. औषधं, अंथरूण, नळ्या असलं काही दाखवायचं नाही. आणि फिल्म दुसऱ्या कुणीही पाहण्याआधी ते पाहणार. मुलांनी अटी मान्य केल्या. चित्रीकरण तिच्या घराऐवजी आमच्याकडे झालं, त्याचं कारण ही पहिली अट.

अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला म्हणून वडिलांनी संहिता मागितली, आणि वाचता वाचता ते पेन घेऊन बसले. मुलांनी आजीच्या तोंडी कन्नड घातलं होतं ते क्रमिक पुस्तकातलं. "ऊट आयिते?" वडील म्हणाले, "आई असं कधी बोलली नाही. ती म्हणायची, ऊटा आतेनव्वा?" हा फरक आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पहिलं वाक्य परीक्षेतलं आहे, दुसरं चुलीजवळचं. एकेक ओळ त्यांनी बैलहोंगलच्या वळणावर आणून दिली. नकार देणारा माणूस असा संवादलेखक झाला. श्रेयनामावलीत नाव घालायचं का, असं विचारल्यावर मात्र नको म्हणाले.

मुलांनी यातून एक गोष्ट घ्यावी. कुठल्या भाषेत फिल्म करायची हा प्रश्न आपल्याकडे वर्गात भांडण लावू शकतो. या गटातही चार मराठी घरांतले, दोघे कन्नड घरांतले आणि एक उर्दू बोलणारा होता. पण पात्र कोण आहे, कुठलं आहे, कुणाशी बोलतंय हे एकदा ठरलं, की भाषा आपोआप ठरते. आजी नातीशी कन्नड बोलेल, नात आईशी मराठी बोलेल, आणि नात फोनवर मैत्रिणीशी बोलताना दोन्हींची खिचडी करेल, जशी ती रोज करते. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. ज्ञानपीठ मिळालं ते त्या कन्नड कवितेला. आपल्या भागात हे नवल नाही.

कागदावरची फिल्म

संहिता आठ पानांची झाली. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. शांतता आणि नजरांचे प्रसंग धरून दहा मिनिटं होतील, असा अंदाज केला. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाचे तुकडे पाडायचे. कोणता शॉट, कुठून, किती जवळून, त्यात कोण, अंगावर काय, हातात काय, हे सगळं लिहायचं. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर प्रसंग आधी कागदावर चितारत आणि मग चित्रित करत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पद्धतीला अजून पर्याय निघालेला नाही. चित्र काढता येत नसेल तर काड्यांची माणसं काढा. कॅमेरा कुठे असेल एवढं कळलं की झालं.

या गटाचे बेचाळीस शॉट निघाले. ते गोष्टीच्या क्रमाने घ्यायचे नसतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच सकाळी शेवटचा प्रसंग घेताना बघून आजोबा काळजीत पडतात. एका जागेचे सगळे शॉट एकदम उरकायचे आणि ज्याला लवकर मोकळं करायचं त्याचे आधी घ्यायचे, हा नियम. इथे आजीचं काम गल्लीतल्याच सत्तरीच्या एका बाईंनी केलं. त्यांना दुपारी आडवं व्हायला लागतं. त्यामुळे त्यांचे सगळे प्रसंग दोन्ही दिवशी सकाळी आठ ते साडेअकरा ठेवले. त्या पाठ केलेलं बोलत नव्हत्या. प्रसंग सांगितला, की आपल्या मनाने बोलत आणि ते लिहिलेल्याहून चांगलं असे.

कामं मात्र कडक वाटून घ्यावीत. ज्याचा फोन चांगला तोच दिग्दर्शक, अशी एक चाल पडली आहे, ती मोडावी. या सात जणांत दिग्दर्शन एकाकडे, कॅमेरा दुसऱ्याकडे, आवाज तिसऱ्याकडे होता. लेखन त्या मुलीकडे होतं. नातीचं काम तिने स्वतः केलं नाही, ते वर्गातल्या दुसऱ्या मुलीने केलं. सहाव्याकडे जेवणखाण, सामान आणि पैसे. आणि सातव्याला काही उरलं नाही म्हणून त्याच्या हातात एक दोनशे पानी वही दिली होती. कुठल्या शॉटला आजीच्या हातात किती बांगड्या होत्या, पेल्यात चहा किती होता, भिंतीवरच्या घड्याळात काय वाजले होते, हे सगळं तो लिहीत होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीने दुसरंच लुगडं नेसून आल्यावर सगळ्यांनी त्या वहीकडे धाव घेतली. पुढे संकलनाला बसल्यावर तर त्या मुलाशिवाय पान हलेना.

पैशांचं म्हणाल, तर माणशी पाचशे रुपये काढले होते. त्यात दोन दिवसांचं जेवण, रिक्षा आणि कॉलरला लावायचा भाड्याचा माईक बसला. उप्पीट आणि चहा आमच्याकडून. चांगला कॅमेरा भाड्याने आणण्यापेक्षा माईक आणावा. चित्र थोडं कमी-जास्त असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो.

मागाचा आवाज

आवाजाने या मुलांना चांगलंच शिकवलं. शहापूर-वडगाव म्हटलं की माग आलाच. आमच्या परड्यापलीकडे यंत्रमाग चालतात. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नाही इतकी सवय झाली आहे, पण माईकला सगळं ऐकू येतं. "खरं काकू, डायलॉगच्या मागं सारखं खटक्-खटक् येतंय की," आवाज सांभाळणारा मुलगा रडवेला झाला. त्यात दुसरी गोम अशी, की असा ठेका मागे असताना दोन शॉट जोडले तर जोडाच्या जागी ठेका तुटतो आणि ऐकणाऱ्याला धक्का बसतो.

मुलांनी वाट काढली ती झकास. ते मागवाल्यांकडे गेले, आणि जेवणाची सुट्टी कधी, कुठल्या वेळी माग बंद असतात ते विचारून आले. महत्त्वाचे संवाद त्या वेळात घेतले. सकाळी बाईंचे प्रसंग व्हायचे, त्यासाठी शेजाऱ्यांनी दोन्ही दिवस दहा ते साडेदहा माग आपणहून थांबवले. त्यांचं अर्ध्या तासाचं काम बुडालं, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. श्रेयनामावलीत त्यांचे आभार पहिल्या ओळीत आहेत. मग माग सुरू असताना त्यांचाच आवाज वेगळा, सलग पाच मिनिटं ध्वनिमुद्रित केला आणि पूर्ण फिल्मखाली हलका अंथरला. फिल्मला दुसरं संगीत नाही. एखादं आवडतं सिनेगीत टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पण त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि महोत्सवात पाठवताना तेच आडवं येतं. त्यापेक्षा आपल्या गल्लीचा आवाज फुकट आहे आणि आपला आहे.

आणखी दोन-चार बारीक गोष्टी. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. संकलनात संवादांमधल्या फटी भरायला ती लागते. फ्रिज आणि पंखा बंद करावा, आणि फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे घरी जाताना उघडावाच लागतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. फोनमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवलं की ते थांबतं. शक्यतो खिडकीचा उजेड वापरावा आणि समोरून पांढरी चादर धरावी. बेळगावात जून ते सप्टेंबर बाहेरच्या चित्रीकरणाचा भरवसा धरू नये. कॅम्प भागात लष्कराची हद्द आहे आणि सांबऱ्याला विमानतळ. तिथे परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये, ड्रोन तर नाहीच. रेल्वे स्टेशनवरही आधी परवानगी लागते. मुलींना घरी पोचवायची वेळ आणि माणूस पहिल्या दिवशीच कागदावर असावा. हे लिहिलेलं असलं की आईचा पहिला प्रश्न सुटतो.

काढलेला प्रसंग

चित्रीकरण दोन दिवसांत संपलं. खरी परीक्षा झाली ती संकलनानंतर. ठरल्याप्रमाणे वडिलांना फिल्म दाखवली. त्यात एक प्रसंग होता. मुलगा दुकानातून येतो, चपला काढतो, आईजवळ बसतो. आई त्याच्याकडे बराच वेळ बघते आणि अदबीने विचारते, "यारप्पा नी?" तू कोण, बाबा? तो काही बोलत नाही. एवढंच. एका मिनिटाचा प्रसंग. मी तो पाहिला आहे. सगळ्या फिल्ममध्ये तो सर्वांत चांगला जमला होता.

वडील म्हणाले, एवढा काढा.

त्या रात्री सात जणांत जे भांडण झालं, ते पुढे आठ दिवस पुरलं. दिग्दर्शक म्हणत होता, तो प्रसंग म्हणजे फिल्मचा जीव आहे. अटीत नाव, फोटो, औषधं होती, हे नव्हतं. आपण अट मोडलेली नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅमेरावाला त्याच्या बाजूने. वहीवाला म्हणाला, बघायला दाखवलं म्हणजे बदल मान्य केल्यासारखंच आहे, नाहीतर दाखवलं कशाला? कुणी म्हणालं, घरी दाखवायला एक आणि महोत्सवाला एक अशा दोन फिल्म करू. यावर लिहिणारी मुलगी पहिल्यांदा चिडली. "म्हणजे बाबांना फसवायचं," ती म्हणाली. "तो प्रसंग मी लिहिला नव्हता. बाबांनीच संहितेत घातला होता. तेव्हा त्यांना लिहिता आला. बघता येत नाही."

प्रसंग निघाला. दहाची फिल्म नऊ मिनिटांची झाली. दिग्दर्शक मुलगा आजही म्हणतो, की चूक झाली, आणि तो माझ्याशी बोलताना हे लपवत नाही. मला वाटतं, निर्णय बरोबर झाला. फिल्म दुसरी करता येईल. बाप आपल्या मुलीवर विश्वास ठेवून कागदावर आईचं शेवटचं वाक्य उतरवून देतो, हे पुन्हा होणार नाही. पण त्या मुलाला मी वेडा ठरवणार नाही. चांगला जमलेला प्रसंग स्वतःच्या हाताने कापताना ज्याला काही वाटत नाही, त्याने हे काम करूच नये. दोघं अजून एकत्र काम करतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आधी गल्लीत

फिल्म इंटरनेटवर टाकण्याआधी आमच्या सोप्यात दाखवली. भिंतीवर चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, मागवाले, गल्लीतल्या बायका, काम केलेल्या बाई आणि त्यांची नातवंडं. एकही सबटायटल नव्हतं आणि कुणाला लागलंही नाही. नात शाळेतल्या कन्नडमध्ये आजीला उत्तर देते आणि आजी तिचा उच्चार सुधारते, तिथे सगळे एकाच वेळी हसले. असा प्रेक्षक पुण्यात मिळणार नाही, बंगळुरातही नाही. तो इथेच आहे, आणि मुलांनी फिल्म आधी त्याच्यासाठी करावी. बाहेर पाठवताना सबटायटल घालावीच लागतात. ती कुणा एकाने न घालता घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घालावीत. श्रेयनामावली या मुलांनी मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत केली, सगळी नावं एकाच आकारात. फलकावरच्या अक्षरांवरून जिथे वाद होतात त्या गावात सात मुलांनी हे न भांडता केलं, याची नोंद करून ठेवते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चित्रित केलेलं सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि त्याच दिवशी ठेवा. काढून टाकलेले प्रसंगसुद्धा ठेवा. त्या एका मिनिटाची प्रत मुलीच्या वडिलांकडे आहे. त्यांनी ती पुसा असं म्हटलेलं नाही.

तेव्हा आई-वडिलांनो, उद्या तुमच्या घरी ते वाक्य आलं, तर तालीम कधी संपणार आणि परीक्षा कधी, हे दोन्ही प्रश्न जरूर विचारा. ते विचारायचा तुमचा हक्कच आहे. त्यांच्या जोडीला एक तिसरा प्रश्न विचारा : गोष्ट कुणाची आहे, आणि त्या माणसाला विचारलंय का? याचं उत्तर मुलांकडे असेल, तर खुशाल सोपा रिकामा करून द्या. आणि उप्पीट जरा जास्त टाका. सात जण म्हणतात, पण येतात अकरा.